शिडीची कितवी पायरी? नव्या लोकल स्थानकांवरच्या लोकसहभागाचं संशोधन वाचताना

लोकसहभागावरचा कुठलाही प्रबंध उघडा, दुसऱ्या प्रकरणात एक शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली सापडेलच. शेरी अर्नस्टीन यांची, १९६९ची, आठ पायऱ्यांची. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं वापरून घेणं आणि त्यांची समजूत घालणं. मधल्या तीनवर माहिती देणं, मत विचारणं, समितीत एखादी खुर्ची देऊन शांत करणं. वरच्या तीनवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि थेट लोकांचं नियंत्रण. मग चौथ्या प्रकरणात शंभरेक प्रश्नावल्या, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी मोजपट्टी आणि निष्कर्ष तयार: सहभाग चौथ्या पायरीवर आहे.

लहान गावांतल्या नव्या लोकल स्थानकांवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी हा साचा जसाच्या तसा उचलू नये, असं माझं मत आहे. विरार–डहाणू पट्टा घेऊन बघू.

साठेक किलोमीटरचा हा मार्ग. लोकल डहाणूपर्यंत पोचली २०१३ मध्ये. एमयूटीपी-३ या १०,९४७ कोटींच्या योजनेला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात इथे दोनाच्या चार मार्गिका करायचं ठरलं, आणि चौपदरीकरणासोबत वाढीव, माकुणसार अशा नव्या स्थानकांची नावं चर्चेत आली. त्यातलं वाढीव हे वैतरणा खाडीतलं गाव, दोन रेल्वेपुलांच्या मधलं. गाड्या गावाला लागून धडधडत जातात, थांबत मात्र नाहीत. माणसं पुलावरून, रुळांच्या कडेने चालत स्टेशन गाठत आली आहेत आणि त्यात जीवही गेले आहेत. आता या गावाचा सहभाग 'कितव्या पायरीवर' हे विचारून नेमकं काय हाती लागणार?

त्याआधीचा प्रश्न असा की कायद्याने कोणाला बोलायचा हक्क दिलाय. रेल्वे कायदा १९८९, त्यातलं २००८ मध्ये घातलेलं भूसंपादनाचं प्रकरण वाचा. कलम २०-ड नुसार अधिसूचनेपासून ३० दिवसांत हरकत घेता येते, पण ती त्या जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला, आणि तीही संपादनाविरुद्ध. 'स्थानक अर्धा किलोमीटर अलीकडे हवं होतं' असं म्हणणाऱ्या मासळीवालीला या कलमात जागाच नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आहे, ग्रामसभेशी सल्लामसलत आहे. पण रेल्वे कायदा त्याच्या चौथ्या अनुसूचीत बसतो. भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी पुढे रेल्वेलाही लागू झाल्या, मूल्यांकन नाही. पर्यावरण परिणामाच्या २००६च्या अधिसूचनेतही रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळे त्या वाटेने होणारी जनसुनावणीही नाही. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसामुळे संपादनाआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे एकाच मार्गावर, तालुका बदलला की लोकांचा हक्क बदलतो! शिडीवर हे दिसत नाही, कारण शिडी एकच धरलेली असते.

राहता राहिला प्रवासी. त्याच्यासाठी विभागीय स्तरावर रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समिती असते, नियुक्त सदस्यांची. नावातच 'सल्लागार' आहे, अधिक काय लिहू.

दुसरी अडचण नमुन्याची, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. आपण प्रश्नावल्या कुठे भरून घेतो? फलाटावर. सोयीचं पडतं, गाडी येईपर्यंत माणसं हलत नाहीत. पण फलाटावर भेटतो तो आजही गाडी पकडू शकणारा माणूस. नवं स्थानक ज्याच्यासाठी, तो तिथे नसतोच. तो पुलावर असतो, सहा आसनी रिक्षात असतो, किंवा लांब पडतं म्हणून कॉलेज सोडून घरी बसलेला असतो. फलाटावरच्या शंभर जणांत ९० टक्के जरी 'समाधानी' निघाले, तरी नव्या स्थानकाबद्दल त्यातून फारसं काहीच कळत नाही.

शिवाय 'स्थानिक समुदाय' हा शब्द आपण फार सैल वापरतो. प्रत्येक नव्या थांब्याने पुढच्यांच्या प्रवासात मिनिटं वाढतात. डहाणूहून रोज चर्चगेट गाठणाऱ्याला ती नको असतात, वाढीवकराला तीच हवी असतात. दोघेही स्थानिकच की! कोणाचा सहभाग वाढला की 'सहभाग वाढला' म्हणायचं? गंमत म्हणजे अर्नस्टीन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की सत्ताधारी आणि वंचित हे दोन एकसंध गट नाहीत, आणि प्रत्यक्षात पायऱ्या दीडशेही असू शकतील. मूळ पेपर न वाचता आकृती तेवढी चिकटवली की हा भाग गळतो. सत्तेचं वाटप झाल्याशिवाय सहभाग पोकळ, हा त्यांचा मुद्दा मात्र आजही पक्का आहे. अमेरिकेतल्या नागरी पुनर्विकासाच्या सरकारी योजना जवळून पाहून त्यांनी तो मांडला होता, तो टाकून देऊ नका.

ट्रिटर आणि मॅककॅलम यांचा २००६चा लेख सोबत वाचा. आरोग्यसेवेवरचा आहे, पण त्यांनी शिडीला साप जोडले. (सापशिडीचं मूळ आपल्याकडचं, मोक्षपटाचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. तरी हा धागा लिटरेचर रिव्ह्यूत घालू नका, गाईड खोडतील.)

मी सुचवेन ते साधं काम आहे. माहिती अधिकारात कागद मागवा: मार्गरेषा कधी पक्की झाली, स्थानकाची जागा कोणत्या तारखेच्या आराखड्यात प्रथम दिसते, ग्रामसभेचा ठराव कधीचा, बैठकीचं इतिवृत्त कधीचं. तारखा एका रेषेवर मांडा. कुठला निर्णय लोकांना विचारायच्या आधी झाला, कुठला नंतर आणि कुठला विचारल्यावर बदलला, हे त्या रेषेवर दिसेल. प्रश्नावली त्यानंतर छापा, आणि फलाट सोडून पाड्यांवर जा. जाताना महिना बघून जा, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पाड्यावर भेटत नाहीत.