प्रवासवर्णन आणि दिवसांचा हिशेब

प्रवासवर्णन हाती आले की मी त्यातले सूर्यास्त आधी वाचीत नाही. नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसतो. लेखक कुठून कधी निघाला, कोणत्या गावी किती रात्री राहिला, मधली वाट त्याने कशी काटली, एवढे मांडले की पुस्तकाची निम्मी परीक्षा होते. ही वाण्याची दृष्टी झाली, असे कोणी रसिक म्हणेल. म्हणो बापडा! लहानशा देशाच्या बाबतीत हा हिशेब केला नाही तरी चालते. आठ दिवसांत स्वित्झर्लंड पाहिले म्हणणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण ‘पंधरा दिवसांत अमेरिका’ हा घास घशाखाली उतरत नाही. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्को रस्त्याने सुमारे 4,700 किलोमीटर. रोज 500 किलोमीटर गाडी हाकली तरी नऊदहा दिवस नुसते चाक फिरण्यात जाणार! विमानाने दिवस वाचतात हे खरे. पण मधला देशही तेवढाच वाचतो, म्हणजे पाहावयाचा राहतो. मग पुस्तकात येतात त्या हॉटेलच्या खोल्या, आणि त्यांच्यामध्ये पेरलेली राष्ट्रीय स्वभावाविषयीची विधाने.

जॉन स्टाइनबेकसारखा कसलेला कादंबरीकारही या फेऱ्यातून सुटला नाही. 1960 च्या सप्टेंबरात तो आपला चार्ली नावाचा कुत्रा घेऊन अमेरिका पुन्हा पाहावयास निघाला. मालमोटारीवर राहण्याची खोली बसवून घेतली होती आणि तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले होते. सुमारे दहा हजार मैल आणि चौतीस राज्ये, हे सारे अकराएक आठवड्यांत! 1962 साली निघालेले ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ आजही आवडीने वाचले जाते, आणि मलाही ते आवडते. पण त्याची पाने मोजून पाहा. आरंभी मेनमधले बटाट्याचे मळे, रस्त्यात भेटलेली माणसे, सगळे सावकाश येते. पुढे पुढे लेखक धापा टाकू लागतो. व्हर्जिनियात तर तो स्वतःच सांगतो, की प्रवास मनातून संपला. तिथून घरापर्यंतचा रस्ता त्याने जवळजवळ पाहिलाच नाही. ही कबुली मला पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटते. पुढे 2010 साली एका पत्रकाराने त्याच वाटेने जाऊन दाखवून दिले, की लेखकाच्या पुष्कळ रात्री गाडीत नव्हे तर हॉटेलांत गेल्या होत्या, आणि काही संभाषणे बहुधा टेबलाशी बसून रचलेली असावीत. पन्नास वर्षांनी निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही वाचकाला तसा इशारा दिलेला आहे. मला यात लबाडीपेक्षा वेळापत्रकाचा जुलूमच अधिक दिसतो. रोज शेकडो मैल हाकणाऱ्याशी रस्त्यावरची माणसे मोकळेपणाने कधी बोलणार?

याच पुस्तकातली सर्वांत जिवंत पाने मात्र एका सकाळची आहेत. न्यू ऑर्लिअन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत एक चिमुकली कृष्णवर्णीय मुलगी जाऊ लागली होती, आणि शाळेबाहेर काही गोऱ्या बायका जमून तिला रोज शिव्या घालीत. स्टाइनबेकने आपली गाडी लांब उभी केली, टॅक्सी घेतली आणि त्या गर्दीत जाऊन तो उभा राहिला. काय पाहावयाचे हे ठरवून तो गेला होता. म्हणून एक सकाळ पुरली. तेव्हा नुसते दिवस वाढवून भागत नाही, हेही खरे.

याच्या नेमके उलट चेकॉव्हचे. 1890 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, छातीचे दुखणे असताना तो मॉस्कोहून साखालिन बेटावरचे कैदी पाहावयास निघाला. सैबेरियातून जाणाऱ्या लोहमार्गाचे काम सुरू झाले ते पुढच्या वर्षी. म्हणजे थोडी आगगाडी, थोडी आगबोट, आणि मधे महापुराने बुडालेल्या चिखलातून घोडागाडी! जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 21 एप्रिलला निघालेला माणूस 11 जुलैला बेटावर उतरला. वाटेत येनिसेई नदी आणि बैकल सरोवर पाहून तो हरखून गेला होता. दुसरा एखादा लेखक एवढ्या भांडवलावर दोन खंड काढता! पण ‘साखालिन’ हे पुस्तक सुरू होते ते आमूर नदीच्या मुखाजवळच्या निकोलायेव्हस्क गावी. मागची अवघी वाट वगळून. त्या वाटेवरचे लेख त्याने वर्तमानपत्राला निराळे दिले. बेटावर मात्र तो तीन महिने राहिला, घरोघर हिंडला आणि माणशी एक पत्रक भरून सुमारे दहा हजार माणसांची नोंद केली. परतताना जपान पाहण्याचे मनात होते, पण तिथे पटकी असल्याने जहाज गेले नाही. म्हणून जपानविषयी तो गप्प बसला. हाँगकाँग, सिंगापूर, सिलोन पाहिले. त्यांचेही त्याने ग्रंथ केले नाहीत.

आपल्याकडे ‘वंगचित्रे’ मला म्हणूनच मोलाचे वाटते. पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. आपला देशही काही लहान नाही; ‘भारतदर्शन’ करून यावयास त्यांना कोणाची आडकाठी होती? पण त्यांनी एक प्रांत निवडला, तिथली भाषा निवडली आणि मुक्काम ठोकला. दिवाळीच्या सुटीत ‘सात रात्री, नऊ शहरे’ अशी पत्रके घरोघर येतात. पुढल्या सुटीसाठी असे पत्रक हाती घ्याल, तेव्हा त्यातल्या गावांपुढे नव्हे, दोन गावांमधल्या अंतरापुढे आधी पेन्सिलीने खूण करा, आणि घरातल्या मुलांना बेरीज करावयास सांगा.