शेंड्यावरचं उलटं मरण

आष्टी तालुक्यात हरभरा घाट्यावर आला की घाटेअळी हजर होते. कपाशीवर हिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी. तिच्यासाठी हेक्टरी ५०० एलई एचएएनपीव्ही या विषाणूची फवारणी सुचवतात. एक एलई म्हणजे सहाशे कोटी विषाणूकण. फवारणीनंतर काही दिवसांनी झाडांच्या शेंड्यांवर जे दिसतं, ते थांबून निरखावं असं आहे. अळी मागच्या पायांनी डहाळी धरून डोकं खाली घालून लोंबते. कातडीच्या आत सगळा द्रव झालेला असतो. कातडी फुटते आणि खालच्या पानांवर नवे कण ओघळतात.

या दृश्यातला द्रव विषाणूचा. त्याची कायटिनेज आणि कॅथेप्सिन ही विकरं अळीचं शरीर विरघळवतात. पण अळी शेंड्यापर्यंत चढली कशी, याचं उत्तर तिच्याच जनुकांत आहे, आणि या रचनेचं खरं सौंदर्य तिथेच आहे.

आरंभापासून पाहा. विषाणू प्रथिनाच्या घट्ट वेष्टनात बसलेला असतो. पाला पचवण्यासाठी अळीच्या आतड्यात तीव्र अल्कता असते, तिनेच ते वेष्टन विरघळतं. पेशीत शिरल्यावर विषाणूची पहिली जनुकं वाचायला यंत्रणाही अळीचीच लागते, त्याची स्वतःची नंतर तयार होते. अळी मात्र निमूट बसत नाही. बाधित पेशी आतड्यातून गळून पडतात, काही पेशी स्वतःला संपवतात. डायसर-२ हे जनुक विषाणूचे दुपदरी आरएनए कापणारं प्रथिन घडवतं. घाटेअळीच्या अमेरिकेतल्या सख्ख्या जातीच्या पेशींत २०१२ मध्ये हे जनुक दाबून पाहिलं, तेव्हा विषाणू अधिक वाढला. विषाणूकडेही पेशींची आत्महत्या रोखणारी जनुकं आहेत. डावाला प्रतिडाव असा हा सामना पेशीपेशीत चालतो.

सर्वांत विलक्षण आहे ती चढण. चीन कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये घाटेअळीवरच ती उलगडली. दिव्याची उंची वाढवली, तशी बाधित अळ्यांच्या मरणाची उंचीही वाढली. त्यांचे साधे डोळे निकामी केले, तर त्या प्रकाशाकडे वळेनात आणि चढेनात. बाधेनंतर दृष्टीची तीन जनुकं अधिक सक्रिय झालेली आढळली. निळा प्रकाश टिपणारं एचएबीएल, लांब लहरींचा प्रकाश टिपणारं एचएएलडब्ल्यू आणि तो संकेत पुढे नेणारं टीआरपीएल. यांपैकी कोणतंही एक काढलं की चढण लक्षणीय कमी झाली. विषाणूला डोळे नाहीत. उजेडाची ओढ तो अळीच्या जनुकांतूनच जागवतो.

इथे रस आहे तो अद्भुताचा. अळीला वाचवू पाहणारी जनुकं आणि तिला शेंड्यावर नेणारी जनुकं एकाच देहात शेजारी नांदतात. हे समजलं की फवारणीचे नियमही अर्थपूर्ण वाटू लागतात. मोठी अळी बाधित पेशी झपाट्याने टाकून देते, म्हणून फवारणी ती लहान असतानाच करायची. उन्हातले अतिनील किरण विषाणू मारतात, म्हणून ती संध्याकाळी करायची आणि द्रावणात नीळ मिसळायची. हरभऱ्यातली ही साधी शिस्त म्हणजे अळीच्या प्रतिकारशक्तीचं आणि विषाणूच्या मर्यादांचं नेमकं भान आहे. ज्या शेतकऱ्याला हे भान आहे, तो या रचनेचा सर्वांत जाणता वाचक आहे.