व्यवसायनामांतील लिंगभेद : प्रत्यय आणि धातू

अमुक काम पुरुषाचे व तमुक स्त्रीचे, ही समजूत व्यवसायांच्या नावांत साठून राहते, हे आता बहुतेकांस मान्य आहे. नाव बदलले की समजूतही बदलेल, ही त्यापुढची पायरी मात्र फारशी न तपासताच चढली जाते. या बाबतीत पाश्चात्य भाषांतून दोन उपाय प्रचारात आले. इंग्रजीने नावातील लिंगदर्शक अंश काढून टाकला. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या व्यवसायकोशाची १९७७ ची चौथी आवृत्ती याच धोरणाने सिद्ध झाली. जर्मनने उलट मार्ग धरला व पुल्लिंगी रूपाच्या जोडीस स्त्रीलिंगी रूप उभे केले. हे दोन उपाय परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ते दोन भिन्न व्याकरणांचे परिणाम होत. गायगाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात इंग्रजी वाचकाच्या मनातील चित्र रूढ समजुतीप्रमाणे बदलत गेले. फ्रेंच व जर्मन वाचकाला मात्र स्त्रियांचे मानलेले व्यवसायही पुल्लिंगी अनेकवचनात दिसताच पुरुषच आठवले.

मराठीत यांपैकी कोणता उपाय स्वीकारावा, असा प्रश्न विचारणेच मुळात चुकीचे आहे. मराठीत स्त्रीरूप एक नाही. पाटलीण, मामलेदारीण, वकिलीण ही रूपे व्यवसाय सांगत नाहीत, विवाह सांगतात. ‘मास्तरीण’ आणि ‘डॉक्टरीण’ यांत दोन्ही अर्थ नांदतात व कोणता घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते. (राजदूताच्या पत्नीसाठी रूढ असलेला फ्रेंच शब्द स्त्री-राजदूतास लावताना तेथेही हाच पेच पडला, फ्रेंच अकादमीने व्यवसायांच्या स्त्रीरूपांना मान्यता दिली ती २०१९ मध्ये.) शिक्षिका, लेखिका, अध्यापिका या संस्कृत वळणाच्या रूपांत मात्र पत्नीत्वाचा अर्थ नाही, ती स्त्रीने स्वतः केलेल्या कामाची नावे आहेत. शिवाय ‘अध्यक्ष म्हणाल्या’, ‘न्यायाधीश उठल्या’ अशी वाक्ये मराठीत सहज होतात. नाम अलिप्त राहते आणि क्रियापद लिंग दाखविते. जर्मनला प्रत्ययाने जे साधावे लागते, ते मराठीत पुष्कळदा क्रियापदच साधून देते. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ही सोय उरत नाही, कारण तेथे व्यक्ती अजून आलेलीच नसते. ‘शिक्षक पाहिजेत’ या वाक्यात क्रियापद कोणाचीच बाजू घेत नाही आणि वाचकाचे मन जुन्या सवयीने पुरुषाकडे वळते.

परंतु ही सारी चर्चा प्रत्ययाभोवती फिरते, आणि हाच तिचा दोष आहे. जपानी भाषेत व्याकरणिक लिंग नाही. तरी परिचारिकेच्या नावातील अखेरचे चित्राक्षर स्त्रीवाचक होते. २००२ मध्ये कायद्याने ते काढून तेथे व्यावसायिकत्व दर्शविणारे अक्षर घातले गेले. नाव निर्दोष झाले. तरी त्या व्यवसायातील पुरुषांचे प्रमाण अद्याप दशांशापर्यंतही पोचलेले नाही. नाव बदलणे निरर्थक होते असे यावरून ठरत नाही. त्याचा आवाका तेवढा कळतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून बोलके आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी चालविणाऱ्या स्त्रीचे इंग्रजी नाव ‘वर्कर’ असे आहे. मराठीत ती ‘सेविका’ झाली. पद स्त्रियांसाठीच असल्याने स्त्रीलिंगी प्रत्ययावर आक्षेप घेण्यास जागा नाही. आक्षेप आहे तो धातूवर. काम करणाऱ्याला मोबदला मागता येतो. सेवा करणारीस मान द्यावयाचा असतो, आणि म्हणूनच तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. हिशेब, पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, नोंदवह्या हे सर्व ‘सेवा’ या एका शब्दात मावते, व घरातील स्त्रीचे काम जसे मोजले जात नाही तसे तेही मोजले जात नाही. तिच्यावरील पर्यवेक्षिकेस ‘मुख्यसेविका’ म्हणतात. बढतीनेही धातू सुटत नाही. त्यावरच्या पायरीवर ‘बालविकास प्रकल्प अधिकारी’ येतो, आणि तेथे मात्र प्रत्यय व सेवा दोन्ही एकदमच नाहीशी होतात.

पुरुषांनाही ‘सेवक’ म्हणतात, असा प्रतिवाद होईल. तो रास्त आहे, पण त्यातूनच भेद स्पष्ट होतो. ‘शिक्षणसेवक’ मानधनावर नेमला जातो. तो स्त्री असो वा पुरुष, विहित तीन वर्षे संपली की ‘शिक्षक’ होतो व वेतनश्रेणीत जातो. पूर्वापार पुरुषांचे समजले गेलेले, पगारी असलेले ‘ग्रामसेवक’ हे पद २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ या नव्या नावात विलीन झाले. म्हणजे सेवकपण हा एक टप्पा आहे, मागे टाकता येण्याजोगा. सेविकापणाला तशी मुदत नाही.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील प्रकरणात अंगणवाडीतील स्त्रियांस १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ दिला. तिच्या कामाचे स्वरूप व व्याप्ती पाहूनच न्यायालय या निर्णयास आले. मानधन हे त्या कायद्यापुरते वेतन ठरले. पदनाम जसेच्या तसे राहिले.