४०.६ टक्क्यांचा आग्रह

रेक्टिफायरचा धडा आला की विद्यार्थी दोन आकडे पाठ करतात: अर्ध-तरंगासाठी ४०.६ टक्के, पूर्ण-तरंगासाठी ८१.२ टक्के. पदविकेच्या आणि महाविद्यालयाच्या अनेक पुस्तकांत हेच आकडे छापलेले असतात. सूत्र आहे ४ भागिले पायचा वर्ग. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, उत्तर ४०.५३ येते, दुप्पट केले तर ८१.०६. चूक क्षुल्लकच, पण आकडा काढून न पाहता उतरवून घेतला जातो एवढे तिच्यावरून कळते.

खरी तक्रार वेगळी आहे. उरलेले सुमारे ६० टक्के कुठे गेले, हे पुस्तक क्वचितच सांगते. सूत्रातला डायोड आदर्श असतो, त्यात काहीच वाया जात नाही. उरलेली शक्तीही भार-रोधातच जाते, फक्त चढ-उताराच्या रूपात. भाराला समांतर मोठे कपॅसिटर जोडले की ही मर्यादा लागूच होत नाही.

एका प्रदर्शनात एका मुलाने जर्मेनियम डायोड वापरून १ मेगाहर्ट्‌झवर रेक्टिफायर केला होता. त्याच्या वहीतली '३ टक्के' ही नोंद खोडून परीक्षकांनी ४०.६ लिहिले. ३ बरोबर होते की चूक, हे कोणी विचारलेच नाही.

इथे पुस्तकातला डायोड निरुपयोगी ठरतो. ५० ओहम रोधात १ मायक्रोवॅट म्हणजे शिखर-व्होल्टेज अवघे १० मिलिव्होल्ट. एवढ्या लहान व्होल्टेजला डायोड 'उघडतो-मिटतो' असे म्हणताच येत नाही. तो जवळजवळ साध्या रोधासारखा वागतो. त्याच्या वक्राच्या किंचित वळणामुळे थोडा डीसी मिळतो, तोही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून आत येणारी शक्ती दहावा भाग केली तर बाहेरची शंभरावा भाग होते आणि कार्यक्षमताही दहावा भाग उरते. आत किती शक्ती दिली हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला मग काय अर्थ? १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सूक्ष्मतरंगांनी पाठवलेल्या शक्तीतून ३० किलोवॅटहून अधिक डीसी मिळवली गेली, तीही ८० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेने. मायक्रोवॅटच्या मंडलाशी त्या आकड्याची तुलना कशी करणार?

मोजमापाचेही तसेच. बाहेरची बाजू सोपी आहे: ठाऊक असलेला भार जोडा, डीसी व्होल्टेज मोजा, वर्ग करून रोधाने भागा. भार न जोडता नुसते मल्टिमीटर लावले तर व्होल्टेज झकास दिसते, शक्ती मात्र जवळजवळ शून्य असते. आतली बाजू अवघड. साध्या मल्टिमीटरची एसी श्रेणी १ मेगाहर्ट्‌झला विश्वासार्ह नसते. ऑसिलोस्कोप लावावा तर 'एकपट' प्रोबची धारिता सुमारे १०० पिकोफॅरड. म्हणजे १ मेगाहर्ट्‌झला सुमारे १६०० ओहमचा अडथळा मंडलाला समांतर जोडला गेला. मोजणाराच मंडल बदलतो! 'दहापट' प्रोबने हे बरेच कमी होते.

त्यापेक्षा अंतर्गत रोध ठाऊक असलेला सिग्नल जनरेटर घ्यावा आणि तो जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकेल ते काढावे: खुल्या टोकांचे आरएमएस व्होल्टेज, त्याचा वर्ग, भागिले रोधाची चौपट. डायोडशी जुळणी नसल्याने परतलेली शक्तीही मग तोट्यात धरली जाते, आणि तसे धरले आहे हे वहीत लिहावे लागते. त्या मुलाला विचारायला हवे होते ते हेच: आत किती दिलेस, ते कसे मोजलेस, आणि भार कोणता होता?