मराठी चित्रपटातील भूत आणि थट्टा : बोलण्याच्या हक्काचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठी लोकमानसातील भुतांचे जग मोठे आहे. मुंजा, समंध, झोटिंग, खवीस, हडळ, ब्रह्मराक्षस या प्रत्येकाचे ठिकाण व स्वभाव ठरलेला आहे. या जगाला भयाइतकीच थट्टेचीही परंपरा आहे. वेताळपंचविशीतील वेताळ राजा विक्रमाच्या खांद्यावरून कोडी घालतो, त्याला खिजवतो आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. अमावास्येच्या रात्री स्मशानात खुंटी ठोकण्याची पैज घेणाऱ्या तरुणाची गोष्टही खेडोपाडी सांगितली जाते. अंधारात तो आपल्याच धोतराचा सोगा खुंटीखाली ठोकतो आणि भुतानेच धरले असे समजून गर्भगळीत होतो. पहिल्या गोष्टीत भूत बोलके आहे. दुसरीत ते मुळात नाहीच.

'एक डाव भुताचा' (१९८२), 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) या तीन चित्रपटांनी ही परंपरा पडद्यावर आणली. तिन्हींत दिलीप प्रभावळकर आहेत. पहिल्यात ते भुताचे मित्र आहेत, पुढील दोहोंत स्वतः भूत. हा बदल केवळ भूमिकांचा नाही. भूत आणि माणूस यांच्यातील संवाद कसा आक्रसत गेला, हे त्यावरून दिसते.

विवेचन :

द. मा. मिरासदार यांचे लेखन लाभलेल्या 'एक डाव भुताचा'मध्ये खेड्यातील साधाभोळा शिक्षक आणि जुन्या काळातील मराठा शिपायाचे भूत यांची गट्टी जमते. अशोक सराफ यांचे हे भूत ऐटबाज व तोंडाळ आहे. पण मास्तरही त्याच्याशी बोलतो, त्याला विचारतो, समजावतो. व्यंकटेश माडगूळकर व शंकर पाटील यांच्यासह मिरासदारांनी कथाकथन महाराष्ट्रभर नेले. त्या कथाकथनातील पारावरच्या गप्पांची लय या मैत्रीतही जाणवते. येथे भय ओसरते ते भूत हास्यास्पद ठरते म्हणून नव्हे, तर त्याच्याशी बोलता येते म्हणून.

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त या मैत्रीची झुंज होते. मरता मरता गुंड तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो व पुढे लक्ष्याच्या देहावर हक्क सांगतो. रामदास पाध्ये यांनी घडविलेल्या या बाहुल्यामुळे बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा संकेत उलटा होतो. एरवी माणूस बाहुलीला बोलवितो व तिच्या तोंडून स्वतःची थट्टा करवून घेतो. येथे बाहुलाच माणसाला नाचवतो. तरीही लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या घाबरत का होईना, प्रत्युत्तर देतो. म्हणून येथील हशा दोघांमध्ये वाटला जातो.

कोठारे यांच्याच 'पछाडलेला'त तीन तरुण मित्र पछाडलेल्या वाड्यात येतात. त्यांची आपापसातील टिंगल, एकमेकांना पुढे ढकलणे आणि उसने अवसान हा चित्रपटाचा सर्वांत जिवंत भाग आहे. स्मशानातील पैजेचे हे नवे रूप म्हणता येईल. मात्र इनामदार भुसनळेचे भूत भरतच्या अंगात शिरते तेव्हा तरुणाचे तोंड भुताचे होते आणि भुताला उत्तर देणारा उरत नाही. भरत जाधव यांचा अभिनय दाद घेतो, हे खरे. परंतु प्रेक्षक आता भुताबरोबर नव्हे, तर पछाडलेल्या माणसाला हसतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, अंगात येण्याची प्रथाच येथे हास्यविषय झाल्याने अंधश्रद्धेचे भय कमी होते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण ज्याच्या अंगात आले आहे त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, ही समजूत अशा विनोदाने ढळत नाही. उलट ती सवयीची होते. आपल्या खानदेशाला लागून असलेल्या सातपुड्याच्या पट्ट्यात स्त्रियांना डाकीण ठरवून छळण्याची प्रथा दिसून आली आहे. तेथेही आरोप होताच त्या स्त्रीचे बोलणे तिचे राहत नाही. ती जे सांगेल तो तिच्याविरुद्धचा पुरावाच मानला जातो. तिन्ही चित्रपटांतील मध्यवर्ती भूत पुरुषाचे आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. हजरजबाबीपणाचा मान त्याला मिळतो. डाकीण ठरविलेल्या स्त्रीच्या वाट्याला थट्टेचेसुद्धा स्वातंत्र्य येत नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या बहाण्याने होणारी मारहाण गुन्हा ठरविली आहे. कायदा हात रोखू शकतो. ऐकण्याची सवय मात्र कथा, नाटक, चित्रपट आणि वर्ग यांतूनच लागते.

निष्कर्ष :

भुताच्या विनोदाचे मोल हशाच्या आवाजावर ठरू नये. जिवंत माणसाला त्यात उत्तर देण्याची किती जागा आहे, ही त्याची कसोटी मानावी. या कसोटीवर सर्वांत जुना चित्रपट सर्वांत पुढचा ठरतो. लोकसाहित्य व चित्रपट शिकविताना वेताळाच्या कोड्यांपासून इनामदाराच्या वाड्यापर्यंतचा हा प्रवास विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथे कोण बोलते आहे आणि कोणाला बोलू दिलेले नाही?