पोच

मध्यंतरी एका लग्नात मावशींनी विचारलं, "सध्या काय चाललंय तुझं?" जिलबीच्या भरात मी खरं ते सांगून बसलो, "एक लायब्ररी लिहितोय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अरे, लायब्ररी काढतात. लिहितात ते पुस्तक." शेजारच्या पाटावरच्या गृहस्थांनी तर "अनामत किती ठेवावी लागेल?" अशी चौकशीही केली.

आता यांना कसं सांगावं, की आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लायब्ररी लिहितातच! दुसऱ्यांनी वापरावी म्हणून लिहून ठेवलेली तयार कामं म्हणजे लायब्ररी. तिच्याकडून काम करून घ्यायची जी खिडकी, ती एपीआय. ही खिडकी बहुधा सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी असते. फॉर्म आधी दुसऱ्या टेबलावरून आणायचा, सही उजवीकडे करायची आणि पोचपावती फाडून परत द्यायला विसरलात तर त्याचा जाब तीन महिन्यांनी. मग कोणीतरी परोपकारी माणूस त्या खिडकीपुढे छोटं टेबल टाकून बसतो आणि म्हणतो, "तुम्ही फक्त नाव सांगा, बाकी मी बघतो." या टेबलाला आम्ही रॅपर म्हणतो. दिवाळी अंक काढायची इच्छा जशी प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी होते, तशी रॅपर लिहायची इच्छा प्रत्येक प्रोग्रामरला होते. दोन्हींत पदरचं घालावं लागतं.

मला समीक्षा करायची आहे ती अशाच एका टेबलाची. झिरोएमक्यू नावाची एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचा, हे तिचं काम. पीटर हिन्टयेन्स यांच्या आयमॅटिक्स कंपनीत 2007 साली तिचं काम सुरू झालं. लायब्ररी वेगवान आणि गुणी, पण स्वभावाने रोखठोक. 'नमस्कार' एवढं म्हणायचं तरी आधी संदर्भ उघडा, मग सॉकेट उघडा, निरोपासाठी मोजून जागा मागा, त्यात अक्षरं भरा, मग पाठवा आणि जागा परत करा. त्यातून सी भाषेत शब्द संपला हे सांगायला शेवटी एक शून्य लागतं. ते शून्य निरोपाबरोबर पाठवायची पद्धत नाही, ते ज्याचं त्याने पलीकडे लावून घ्यायचं. विसरलात तर 'नमस्कार'च्या पुढे स्मरणशक्तीतला काय वाटेल तो कचरा वाचला जातो.

हिन्टयेन्स 2016 साली वारले. स्वतःच्या लायब्ररीचा तुसडेपणा त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी निरोपांची वाटणी करणाऱ्या दलालाचा प्रोग्राम आधी मूळ खिडकीवरून लिहून दाखवला आणि मग तोच सीझेडएमक्यू या रॅपरमधून पुन्हा लिहिला. स्वतःचीच वस्तू किती अवघड आहे, हे दाखवणारा कारागीर विरळा. हा रॅपर खरोखर देखणा आहे. सहा पायऱ्यांच्या जागी एक ओळ. शून्य तो लावतो, जागा तो परत करतो, आणि निरोप पाठवून झाला की तुमच्या हातातली प्रत काढून घेतो, म्हणजे तोच कागद चुकून दुसऱ्यांदा वापरायला नको. शिवाय मूळ खिडकीशी थेट बोलायचं झालं तर मागचं दारही उघडं ठेवलेलं आहे. चांगल्या मध्यस्थाचं हे लक्षण. साहेबांना भेटूच न देणारा तो नुसता दलाल.

इतकं कौतुक केल्यावर 'परंतु' आलाच. समीक्षकाचं पोट त्यावरच चालतं.

निरोप 'पाठवला' असं उत्तर या लायब्ररीने दिलं, की त्याचा अर्थ एवढाच, की निरोप रांगेत लागला. पलीकडे पोचला असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांना हा भेद चांगला कळत होता. त्या "पत्र टाकलं" म्हणत. टाकलं म्हणजे आपल्या हातातून सुटलं, पुढचं पोस्टमनच्या आणि देवाच्या हाती. उलट टपाली "पत्र पावले, मजकूर समजला" आलं, की मगच जीव भांड्यात पडायचा.

आणखी एक बाब. रांगेत निरोप शिल्लक असताना तुम्ही दुकान बंद करायला निघालात, तर मूळ लायब्ररी नेहमीच्या व्यवस्थेत अडून बसते. निरोप गेल्याशिवाय उठायचं नाव नाही. प्रोग्राम लटकतो, नवशिके वैतागतात. सीझेडएमक्यूने ही वाट पाहण्याची मुदत मुळातच शून्य ठेवली. दुकान झटकन बंद होतं आणि उरलेले निरोप टोपलीत जातात. हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे आणि एका ओळीत बदलताही येतं. फक्त ते वाचावं लागतं, आणि 'बाकी मी बघतो' म्हणणाऱ्याची कागदपत्रं कोण वाचतो?

मी तरी वाचली नाहीत. उलट या रॅपरवर मी आणखी एक रॅपर चढवला. त्यात एकच काम: 'पाठव'. उत्तरही एकच: 'हो'. मोठ्या ऐटीत मी पाचशे निरोप पाठवले. माझी लायब्ररी पाचशे वेळा 'हो' म्हणाली आणि हसतमुखाने बंद झाली. मग लक्षात आलं, की पलीकडचा प्रोग्राम मी सुरूच केलेला नव्हता. तुसडी मूळ लायब्ररी असती तर दारात आडवी पडली असती. माझ्या गोड लायब्ररीने पाचशे निरोप गिळले आणि ढेकरही दिला नाही.

त्या क्षणी मला आमच्या चाळीतल्या काकू आठवल्या.

चाळीत फोन एकच, खालच्या मजल्यावर काकूंकडे. वडिलांच्या कार्डावर त्यांचाच नंबर छापलेला, पुढे कंसात 'पी. पी.'. ट्रंक कॉल, ओरडून बोलणं, मध्येच कट होणं, हा सगळा त्रास काकू सोसायच्या आणि आमच्यापर्यंत फक्त निरोप यायचा, तोही चहाबरोबर. इतका प्रेमळ रॅपर मी अद्याप पाहिलेला नाही. 1974 साली चिपळूणहून मामाचा फोन आला, "आई सीरियस आहे, लगेच नीघ." माझ्या आईला तेव्हा सातवा महिना होता. काकूंनी वर येऊन सांगितलं, "आईंना जरा बरं नाहीसं. सवडीने येऊन जा म्हणाले." आई शनिवारच्या एस.टी.ने निघाली. आजी शुक्रवारीच गेली होती.

काकूंनी वाईट काही केलं नाही. त्यांनी आईला त्रास होऊ दिला नाही, इतकंच. रॅपर लिहिणारा प्रत्येक जण हेच करायला निघालेला असतो. काय झाकावं आणि काय झाकू नये, एवढाच प्रश्न असतो. शून्य लावायचं कटकटीचं काम खुशाल झाकावं. निरोप हरवू शकतो, ही गोष्ट झाकू नये.

मी माझी लायब्ररी पुन्हा लिहिली. आता त्यात दोन कामं आहेत: 'टाक' आणि 'पोचव'. 'टाक' काहीच वचन देत नाही. 'पोचव' पलीकडून पोच येईपर्यंत ठरावीक वेळ थांबतं आणि तीनपैकी एक उत्तर देतं: पोचलं, नाही पोचलं, किंवा कळत नाही. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलीने तिसऱ्या उत्तरावर लगेच बोट ठेवलं. "सर, हे 'कळत नाही' काढून टाकू या ना. वापरणाऱ्याला ते फ्रेंडली वाटत नाही."

मी तिला सांगितलं, की पोच आली नाही तर निरोप वाटेत हरवला की परत येणारी पोच हरवली, हे अलीकडे बसून कुणालाच सांगता येत नाही. तिला ते फारसं पटलं नाही. मग मी तिला काकूंची गोष्ट सांगितली, आणि आई पुढे कितीतरी वर्षांनी एकदा भाजी निवडताना जे म्हणाली, तेही सांगितलं.

"काकूंवर राग नाही रे माझा. पण त्या नुसतं 'मला नीट ऐकू आलं नाही' म्हणाल्या असत्या ना, तरी मी त्याच रात्री निघाले असते."

मुलीने तिसरं उत्तर काढलं नाही.