नियोगी अहवालात न मावलेली माणसे

नियोगी समितीच्या अहवालावर ज्यांचे ठाम मत असते, त्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. मीही पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांच्यातलाच होतो. वाचायला घेतला तो आमच्या वऱ्हाडापायी. १९५४ साली अमरावती आणि अकोला हे मध्य प्रदेशातले जिल्हे होते आणि राजधानी नागपूर होती, हे आता आमच्याकडच्या तरुणांनाही सांगावे लागते. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी त्या सरकारने त्या वर्षी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. समितीने चौदा जिल्हे पाहिले, त्यांत आमचेही होते. सुमारे ७०० गावांतल्या ११,३६० लोकांशी तिने संपर्क साधला, ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि एप्रिल १९५६मध्ये अहवाल पुरा केला.

समितीचा मूळ प्रश्न निराधार होता, असे मी म्हणणार नाही. परदेशी पैसा, जशपूर-सरगुजा भागातली झारखंडची मागणी, आदिवासींना दिलेली कर्जे यांची चौकशी करणे हे सरकारचे काम होते. चर्च आणि राजसत्ता यांचे नाते इंग्रजी अमदानीत किती घट्ट होते, याचा पुरावा तर नागपुरातच मिळतो. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज धर्मोपदेशक गांधीजींच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा नागपूरच्या बिशपने त्याच्याकडे सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मागितली. त्याने ती घेतली नाही. पुढे १९३५ साली त्याने चर्चच सोडले. चर्चच्या राजकारणाचा काच आधी असा चर्चमधल्याच माणसाला लागला होता.

माझा आक्षेप अहवालाच्या पुढच्या पावलाला आहे. संस्थेची चौकशी करता करता समिती माणसांच्या मनाबद्दल निकाल देते. धर्मांतरे बहुतांशी मनाच्या खात्रीने झालेली नसून आमिषाने आणि गैरवाजवी प्रभावाने झाली आहेत, असा तिचा निष्कर्ष आहे. तो वाचताना मी पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिलो, हे समितीला कळले कसे? आमिषाला साक्षीदार मिळतो. कर्जाची नोंद सापडते, शाळेची फी माफ झालेली दाखवता येते. श्रद्धेला कागद नसतो. त्यामुळे चौकशीत आमिष तेवढे सिद्ध होते आणि श्रद्धा नोंदीच्या बाहेर राहते. ती नव्हतीच, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

अकोल्यात आमच्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांची आजी १८९९-१९००च्या दुष्काळात पोरकी झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. अहवालाच्या हिशेबात ही आजी सरळ आमिषाच्या रकान्यात जाते. मी बाईंना चाचरतच विचारले. त्या म्हणाल्या, “आजीले मिशननं भाकर देल्ली, हे खरंच हाय. पन भाऊ, तिले मरून किती वर्सं झाली. मी रविवारी जातो ते माह्या मनानं जातो. मले कोन भाकर देते आता?” तीन पिढ्यांच्या विश्वासाला पहिल्या भाकरीपाशीच थांबवायचे का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

याच ठिकाणी ‘स्मृतिचित्रे’ माझ्या मदतीला आली. आपण ते पुस्तक विनोदासाठी आणि सरळ भाषेसाठी वाखाणतो. श्रद्धा कशी बदलते याची मराठीतली सर्वांत विश्वासू साक्ष म्हणून ते फारसे वाचले जात नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९००चा. मधल्या पाच वर्षांत ताटातूट आहे, नातलगांचा धाक आहे, नवऱ्याकडे परतल्यावरही वेगळी चूल आणि सोवळे आहे, आणि मग ते सोवळे एकेक करून गळून पडणे आहे. आता याच लक्ष्मीबाईंना समितीसमोर उभे करून पाहा. पोटापाण्यासाठी नवऱ्यावर अवलंबून असलेली स्त्री नवऱ्याच्या धर्मात गेली. लिहा, ‘गैरवाजवी प्रभाव’. नोंद चुकीची म्हणता येणार नाही, पण लक्ष्मीबाई तिच्यात कुठेच नाहीत.

टिळकांचे उदाहरण आणखी बोलके आहे. परदेशी पैशावर विसंबून न राहणारे, एकसंध आणि स्वतंत्र भारतीय चर्च उभे राहावे, अशी समितीची एक शिफारस आहे. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वच ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. परक्या चर्चच्या चौकटीतून सुटण्याची ओढ दोन्हींकडे दिसते. फरक इतकाच की टिळकांनी त्यासाठी स्वतःची भाकर सोडली, आणि समितीने तीच गोष्ट सरकारी कागदावर दुसऱ्यांना सुचवली. भक्ताने चर्चशी मांडलेले भांडण सरकारने आपल्या हाती घेतले, की त्याचा अर्थच बदलतो.

अहवालाला सर्वांत मोठे उत्तर मिळाले ते त्याच वर्षी, त्याच नागपुरात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांबरोबर लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातून माणसे कशीबशी भाड्याची जुळवाजुळव करून गेली होती. तिथे ना परदेशी मिशनरी होते, ना कर्ज, ना दवाखाना. दरिद्री आणि निरक्षर माणूस स्वतःहून धर्म निवडू शकत नाही, ही समजूत त्या मैदानावर मोडून पडली. आणि धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात त्या दीक्षा घेणाऱ्यांमध्ये एक नाव येते : नागपूरचे माजी मुख्य न्यायमूर्ती नियोगी.

ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. अहवालाला सहा महिने होतात न होतात तोच त्याच्या अध्यक्षाने स्वतः धर्म बदलला होता. यात मला ढोंग दिसत नाही. उलट नियोगींबद्दलचा आदर वाढला. त्यांना कोणी आमिष दाखवले का, असे विचारणेही आपल्याला हास्यास्पद वाटेल. न्यायमूर्तींच्या बाबतीत हास्यास्पद ठरणारा हा प्रश्न जशपूरच्या उरावाला किंवा मेळघाटातल्या कोरकूला मात्र आपण बेधडक विचारतो. अहवालाचा खरा दोष मला इथे सापडला.

पुढे मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, आणि प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले. तोवर वऱ्हाड महाराष्ट्रात आला होता, पण अहवालाची भाषा राज्याच्या सीमेवर थांबली नाही. आजही सभेत, कोर्टात, चहाच्या टपरीवर ती ऐकू येते. चर्चचे हिशेब जरूर तपासावेत. मंदिराचे, मशिदीचे, विहाराचेही तपासावेत. पण माणूस ‘मी माझ्या मनाने गेलो’ म्हणतो, तेव्हा ते त्याचे निवेदन म्हणून आधी लिहून घ्यावे. ११,३६० लोकांना भेटून झालेल्या त्या अहवालात अकोल्याच्या बाईंच्या उत्तराला रकाना नाही, म्हणून ते मी इथे नोंदवून ठेवले.